ट्रक आणि बांध : नार्वे-डिचोलीचा एक जुना हिशोब

डिचोलीच्या खाणींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "लोकांना हव्यास सुटला, शेती टाकून ट्रकांच्या मागे धावले." ऐकायला बरं वाटतं, पण मला ते पटत नाही. मी कॉमर्सचा पदवीधर, उभी नोकरी बँकेत गेली. २०१० ला निवृत्त झालो. त्याआधीची काही वर्षं डिचोली तालुक्यात कर्जविभागात होतो, ट्रकांच्या फायली रोज हाताखालून जायच्या. म्हणून हे थोडं लांबलचक लिहितो आहे. वेळ असेल तर वाचा.

आधी नार्वे. इथल्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला, हे बहुतेकांना माहीत असतं. पण देव मूळचा इथला नव्हे. तो पलीकडच्या दिवाडी बेटावरच्या जुन्या नार्व्याचा, कदंब राजांचं दैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडलं आणि देव नदी ओलांडून अलीकडे आला. तेव्हा ही बाजू आदिलशाहीत होती. देवामागून जे आले त्यांनी घर आणि शेतं मागे टाकली. जे राहिले त्यांची जमीन वाचली, धर्म गेला. यात सावध कोण आणि धाडसी कोण, हे त्या दिवशी काठावर उभ्या माणसाला सांगता आलं असतं का? मला तरी वाटत नाही.

आता नदीकाठची शेती. नार्वे, पिळगाव या पट्ट्यात खाजन शेती. सारमानसच्या तर नावातही मानस आहे. जे गोव्याबाहेर वाढले त्यांच्यासाठी सांगतो : खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून मातीचा बांध घालून राखलेली जमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं दार. भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं. पावसात कोरगुटीसारखं खारं सोसणारं भात, आणि मानसीवर मासळी. मासळीचा दरवर्षी लिलाव व्हायचा, त्या पैशातून बांधाची डागडुजी निघायची. पूर्वी हे गावकारी बघायची, १९६४ च्या कूळकायद्यानंतर कुळांच्या संघटना बघू लागल्या.

लोक या शेतीला संथ, बिनधोक म्हणतात. कुणी सांगितलं? एका रात्रीत बांधाला भगदाड पडलं की खारं पाणी आत, आणि दोन-तीन वर्षं पीक नाही. धोका होताच. फरक एवढाच की बांध एकट्याचा नसायचा. फुटला तर सगळ्यांचाच फुटायचा, म्हणून रात्री-अपरात्री सगळे फावडी घेऊन धावायचे.

खाणी काही कालच्या नव्हेत. पोर्तुगीज अमदानीत, १९५० च्या आसपास, इथला लोहखनिजाचा माल जपानला जाऊ लागला. खाणीतून ट्रकाने धक्क्यावर, तिथून बार्जमधून मांडवीने मुरगावला. पावसाळ्यात मांडवीचं तोंड धोक्याचं, तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारीत उतरायच्या. पण खरा वेग आला तो २००० नंतर, चीनने हलक्या प्रतीचा मालही उचलायला सुरुवात केली तेव्हा. वर्षानुवर्षं टाकाऊ म्हणून रचलेले ढीग सोनं झाले. २०१०-११ ला गोव्यातून पाच कोटी टनांच्या आसपास निर्यात गेली.

पैसे खेपेवर. जास्त खेपा, जास्त पैसे. त्यामुळे सकाळपासून ट्रकांची रांग आणि रस्त्यावर नुसती शर्यत. डिचोलीची बाजारपेठ लाल धुळीने माखलेली असायची, दुचाकीवाला जीव मुठीत धरून जायचा. शेतातही लाल गाळ उतरू लागला होता.

आता बँकेच्या टेबलावरून काय दिसायचं ते सांगतो. शेतकरी कर्जाला आला की पहिला प्रश्न, एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव कुणाचं? कूळ, भाटकार, पाच भाऊ, परदेशी गेलेली बहीण. शेजारच्या मयेत तर जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारच्या ताब्यात, तिथला कायदा झाला २०१४ मध्ये. शेतावर कर्ज मिळणं म्हणजे दिव्य. आणि ट्रक? ट्रक स्वतःच स्वतःचं तारण. विमा, आरटीओचं पुस्तक, जामीनदार, झालं काम. म्हणजे कागदावर सावध माणूस ट्रक घेणारा, आणि जोखमीचा माणूस भात लावणारा! एक पिळगावकर मला म्हणाला होता, "सायब, शेतां म्हाका कर्ज दिना, ट्रक दिता." यावर मी काय बोलणार?

त्या फॉर्मवर शेकडो रकाने होते. एकच नव्हता : माल ज्या खाणीतून येणार तिचं लीज कधी संपतं? पोर्तुगीजकालीन परवाने १९८७ च्या कायद्याने लीजमध्ये बदलले होते आणि त्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ पर्यंत होती, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. म्हणजे २००८, २००९ ला घेतलेले ट्रक कायद्याच्या दृष्टीने संपलेल्या लीजवर धावत होते. हे ड्रायव्हरला कुठून कळणार? तो तर पेट्रोलपंपावरच्या भावाच्या पलीकडे काही बघतच नव्हता, आणि बघायची गरजही नव्हती.

सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला आणि राज्य सरकारने खाणी थांबवल्या. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. एका महिन्यात सगळं ठप्प. हप्ता मात्र थांबला नाही. ट्रक अंगणात, टायर जमिनीत रुतलेले, दारात वसुलीवाले. २०१४ ला सरकारने कर्जसवलतीची योजना काढली, पुढे खाणीही वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत सुरू झाल्या. तेवढ्यात फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द, १६ मार्चपासून पुन्हा बंद. एकाच घराला सहा वर्षांत दोनदा.

बांध फुटला की गाव धावायचं. हप्ता थकला तेव्हा कोण धावलं? जामीनदार बहुधा मेहुणा किंवा चुलतभाऊ, त्याच्याकडेही ट्रकच. रस्त्यावर मोर्चे निघाले हे खरं, पण नोटीस येताना ती एकेकाच्या नावानेच आली.

आणि इकडे शेतं? तरणी मुलं ट्रकावर गेल्यावर बांधाला माणसं कमी पडली. बांध राखायला दहा घरं लागतात, तीन उरली की त्या तिघांचीही शेती जाते. म्हणजे ज्यांनी ट्रक घेतलाच नाही, शांतपणे भात लावत बसले, त्यांच्यापुढेही निवड उरली नाही. या लोकांविषयी कुणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

डिचोलीचा पहिला खाणगट २०२२ च्या लिलावात गेला, २०२४ ला काम सुरू झालं. परवा आमच्या ओळखीचा एक मुलगा ट्रक घेऊ का म्हणून विचारायला आला. हुशार पोरगा, मला सांगतो, "काका, आता लीज पन्नास वर्षांचं असतं, ट्रक पाच वर्षांत फिटतो." हिशोब चुकीचा नाही. मी विचारलं, वाहतुकीचा करार किती वर्षांचा, आणि तो तुझ्या नावावर की कंत्राटदाराच्या? ते त्याला ठाऊक नव्हतं. विचारून येतो म्हणाला. उठता उठता मी त्यांच्या शेताच्या बांधाचं विचारलं. म्हणाला, गेल्या पावसात फुटला तो अजून तसाच आहे.