बेगड, ड्यूको आणि रेडियम : गाडीवरच्या पट्टीचा इतिहास आणि ती उतरवण्याची विद्या

#इतिहास #थ्रेड

अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर आजही वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्या धावताना दिसतात. त्यांच्या कुशीवर पुष्कळदा एक रंगीत पट्टी असते. तिच्या कडा उललेल्या असतात, मूळचा रंग विटलेला असतो, मधले काही तुकडे गळून पडलेले असतात. मालक ती काढायला बसतो. पट्टीचे नखाएवढे कपचे निघतात, गोंद मागे राहतो, आणि दैव फिरले तर पट्टीबरोबर रंगाची खपलीही सुटून येते व खालचा पत्रा उघडा पडतो.

अडचण किरकोळ वाटते. परंतु मास्किंग टेप नावाची वस्तू जगात आली ती नेमकी याच अडचणीतून, १९२५ साली. त्या कथेत कापूस आहे, रेडियम आहे आणि वऱ्हाडची तपनही आहे.

वाहनाला चकचकीत पट्टी चिकटवण्याची हौस मोटारीच्या आधीची. पोळ्याला बैलाची शिंगे साळतात, त्यांवर हिंगूळ किंवा वॉर्निश लावतात आणि वरून बेगड चिकटवतात. बेगड म्हणजे चकाकणारा पातळ वर्ख. ‘बेगडी’ हा शब्द त्यावरूनच आला. ही रीत पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. गेल्या वर्षीचा रंग आणि बेगडाचे अवशेष काढण्यासाठी शिंगच थोडे साळले जाते, कारण शिंग वाढते आणि वरचा थर गेला तरी बिघडत नाही. मोटारीच्या पत्र्याला ही सोय नाही. तिथे साळले की संपले.

मोटारीचा रंग म्हणजे मुळात काय, हे आधी पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी रंगत त्या घोडागाडीच्याच पद्धतीने. तेल व वॉर्निश यांचे एकावर एक हात, प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचे, मग घासायचे, पुन्हा हात. एक गाडी रंगून निघायला आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळे. झटपट उत्पादनाला तो काळा लेप सोयीचा पडत होता.

१९२३ मध्ये अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीने ‘ड्यूको’ बाजारात आणला आणि हा सगळा हिशेब उलटला. ड्यूको हा नायट्रोसेल्युलोजचा लेप. फवारता येई, बघता बघता वाळे, आणि हव्या त्या रंगात मिळे. नायट्रोसेल्युलोज म्हणजे नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया केलेला कापूस. १८४६ मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने तो तयार केला तेव्हा त्याची ओळख स्फोटक म्हणून झाली. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी उभी राहिलेली उत्पादनक्षमता युद्धानंतर मोकळी झाली आणि ते रसायन मोटारींच्या अंगावर गेले. त्याचा मुख्य कच्चा माल म्हणजे सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू.

वऱ्हाडातील वाचकाला इथे क्षणभर थांबावेसे वाटेल. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, अमेरिकेचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. ज्या पिकाने हा मुलूख जगाच्या बाजाराला जोडला, त्याच जातीच्या तंतूपासून झालेला लेप साठ वर्षांनी मोटारी रंगवू लागला. भारतात ड्यूको आयसीआय कंपनीच्या हातून रुजला, आणि इतका रुजला की फर्निचरला फवारलेल्या चकचकीत रंगालाही सुतार अजून ‘ड्यूको’च म्हणतात.

रंग भराभर वाळू लागताच दुरंगी गाड्यांची फॅशन आली. वर एक रंग, खाली दुसरा, आणि मधली रेघ सुरीसारखी सरळ हवी. त्यासाठी पहिला रंग झाकून दुसरा मारायचा. रंगारी कसायाकडचा जाड कागद किंवा वर्तमानपत्र घेत आणि सरस किंवा दवाखान्यातील चिकटपट्टीने ते डकवीत. काम झाल्यावर कागद ओढला की त्याबरोबर खालचा ताजा रंग उचकटून येई. दिवसभराची मेहनत वाया.

मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरी १९२३ च्या सुमारास एका मोटार-रंगशाळेत हा प्रकार घडत असताना रिचर्ड ड्रू हा तरुण तिथे उभा होता. तो थ्री-एम कंपनीत प्रयोगशाळेचा मदतनीस. कंपनी तेव्हा फक्त पॉलिश पेपर विकत होती, आणि ड्रू त्याच कागदाचे नमुने घेऊन आलेला. रंगाऱ्यांचा शिव्याशाप ऐकून, रंग न उचकटणारी पट्टी आपण करून देतो, असे त्याने सांगून टाकले. ती कशी करायची, हे त्याला तेव्हा मुळीच ठाऊक नव्हते.

पुढची दोन वर्षे वनस्पती तेले, राळा, डिंक असे नाना पदार्थ तपासण्यात गेली. वरिष्ठांनी मध्येच हे काम थांबवून पॉलिश पेपरकडे परतण्यास सांगितले. ड्रूने ते लपूनछपून चालूच ठेवले. अखेर सुतारी सरस आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण सुरकुत्यांच्या क्रेप कागदावर बसले. सरस पकड देई, ग्लिसरीन त्याला वाळून कडक होऊ देत नसे, आणि क्रेप कागद वळणावर ताणला जाई. सुरुवातीच्या पट्टीला केवळ दोन कडांना गोंद होता. वैतागलेल्या एका रंगाऱ्याने, ‘ही तुमच्या स्कॉच साहेबांकडे परत न्या आणि सगळीकडे गोंद लावायला सांगा,’ असे सुनावले म्हणे. ‘स्कॉच’ म्हणजे कंजूष, असा त्या बोलीतील टोमणा. दंतकथा असो वा खरे, नाव तेच पडले.

ड्रूची खरी करामत चिकटण्यात नव्हतीच. चिकटणारे पदार्थ माणसाला हजारो वर्षे माहीत होते. पुरेसे चिकटावे आणि मागितल्यावर सोडावे, ही त्याची करामत. अकोल्याच्या कोणत्याही डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात आजही तेच दृश्य दिसते: काचेवर ‘देशोन्नती’चा जुना अंक, कडेने मास्किंग टेप, आणि रंग पुरता कडक होण्याआधी सावलीत अलगद ओढून काढलेली पट्टी. जाणता रंगारी ती उन्हात रात्रंदिवस राहू देत नाही. वेळ आणि उष्णता मिळाली की गोंद पातळ होऊन पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचांत उतरतो. मग मास्किंग टेपही कायमच्या पट्टीसारखी वागू लागते.

आता ‘रेडियम’. वऱ्हाडात गाडीवर चिकटवलेल्या कोणत्याही पट्टीला, अक्षराला, चित्राला रेडियम म्हणतात. वस्तुतः त्यात रेडियमचा कणही नसतो. क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेल्या या मूलद्रव्यापासून पुढे अंधारात चमकणारा रंग झाला आणि तो घड्याळांच्या तबकड्यांवर गेला. न्यू जर्सीतील ऑरेंज गावच्या कारखान्यात तरुण मुली कुंचल्याला ओठांनी टोक काढत तो रंग भरत. त्यांची हाडे सडली, कित्येक मेल्या. त्यांपैकी पाच जणींचा खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. रंगाचा वापर पुढे बंद झाला, पण ‘रात्री चमकते ते रेडियम’ ही समजूत शब्दात शिल्लक राहिली.

१९३९ मध्ये थ्री-एमने रस्त्याच्या फलकांसाठी परावर्तक कापड आणले. त्यातील काचेचे अतिसूक्ष्म मणी प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात. ते स्वतः चमकत नाही, दिव्याचे उसने तेज परत करते. तरी रात्री चमकले म्हणून तेही रेडियम ठरले. मग न चमकणारे साधे रंगीत विनाइलही त्याच दुकानात त्याच नावाने विकले जाऊ लागले. असा नावाचा प्रवास फार थोड्या वस्तूंच्या वाट्याला आला असेल.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पुढच्या दशकात सुमो आली, आणि खेड्यापाड्यांतून माणसे वाहणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या वाढल्या. कुशीवर पट्टी असणे ही शान ठरली. या पट्ट्या विनाइलच्या, म्हणजे मुळात कडक असलेल्या पीव्हीसीत मऊपणा आणणारे तेलकट द्रव्य मिसळून केलेल्या. उन्हात ते द्रव्य हळूहळू निघून जाते. फिल्म आकसते, ठिसूळ होते, तडकते. खालचा गोंद मात्र घट्ट होत जातो. जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नवतपात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही, तिथे ही क्रिया किती वेगाने होत असेल, हे सांगायला नको.

म्हणून काढण्याच्या वेळी पहिला प्रश्न पट्टीचा नसतोच. खालचा रंग कोणत्या पिढीचा, हा असतो. जुना ड्यूको थिनरने केव्हाही पुन्हा विरघळतो. वाळला तरी तो कायमचा बदललेला नसतो. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग थिनरला बराच काळ दाद देत नाही. अलीकडच्या गाड्यांत रंगावर पारदर्शक थर असतो. आणि जुन्या गाडीचे एक दार कारखान्याचे, तर शेजारचे अपघातानंतर गॅरेजात पुट्टी भरून फवारलेले, असे सर्रास असते. त्या दुसऱ्या दारावरूनच पट्टीबरोबर खपल्या निघतात. दाराच्या आतल्या कडेला, न दिसणाऱ्या जागी, चिंधीवर थेंबभर थिनर घेऊन पाहावे. रंग चिंधीवर उतरला तर तो थर नाजूक आहे आणि थिनरची बाटली परत ठेवून द्यावी. पुट्टी ओळखायला लोहचुंबक पुरतो. पत्र्याला चिकटणारा चुंबक पुट्टीच्या जाड थरावर ढिला पडतो.

काढण्याची कृती ड्रूच्या शोधाची उलटी बाजू आहे. आधी गाडी भरपूर पाण्याने धुवावी, कारण पट्टीच्या कडेला काळ्या मातीची धूळ साचलेली असते आणि ती पुसताना पॉलिश पेपरचे काम करते. मग उष्णता. थंड फिल्म तडकते. फार तापली तर गोंद फिल्मला सोडून पत्र्यावरच राहतो. हेअर ड्रायरने हात सोसेल इतपत ऊब द्यावी. वऱ्हाडच्या हिवाळ्यातील सकाळचे कोवळे ऊन हे काम फुकट करते. मे महिन्यातील दुपार मात्र वर्ज्य. कोपरा नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचलावा आणि पट्टी सरळ वर न खेचता तिच्याच अंगावर दुमडून, रंगाला लगटून, सावकाश मागे न्यावी. हिसका दिला की गोंद दगडासारखा वागतो, हळू ओढले की तोच पाकासारखा सुटतो. धातूची किंवा प्लास्टिकची जाड पट्टी असेल तर मागून मासेमारीचा नायलॉन दोरा करवतीसारखा फिरवतात.

उरलेल्या गोंदावर रॉकेल किंवा टर्पेंटाइन कापडाने लावून थोडा वेळ मुरू द्यावे, मग पुसावे आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुवावे. नाजूक रंगावर हेही आधी कोपऱ्यात तपासून मगच. घाई करणारे इथे ब्लेड घेतात. या सवयीलाही थोडा इतिहास आहे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरील काळ्या फिल्मला बंदी केली आणि ४ मेपासून अंमल सुरू झाला. ऐन उन्हाळ्यात देशभर चौकाचौकांत पोलिसांनी फिल्म सोलल्या, आणि मागचा गोंद ब्लेडने खरवडला गेला. काचेला ते सोसते. रंगाचे सगळे थर मिळून जाडी असते ती साधारण कागदाच्या पानाएवढी. तिथे ब्लेडचे टोक एकदा वाकडे गेले की खाली पत्राच.

इतके सगळे नीट झाल्यावरही पट्टीची आकृती दिसत राहते. आजूबाजूचा रंग वर्षानुवर्षे उन्हात विटलेला, पट्टीखालचा मात्र शोरूममधून निघाल्या दिवसाइतका ताजा. लाल गाडीवर हे सर्वांत ठळक दिसते, पांढरीवर जवळजवळ नाही. रबिंग कंपाउंडने भोवतालचा मेलेला थर घासून फरक कमी करता येतो, पण पारदर्शक थर नसलेल्या जुन्या रंगात प्रत्येक घासणीबरोबर चिंधीवर गाडीचा रंग उतरत असतो, आणि तो मुळातच मोजका उरलेला असतो. त्यामुळे जुन्या गाड्या सांभाळणारे कित्येक जण ती आकृती तशीच ठेवतात. काही जण मास्किंग टेप लावून त्याच जागी कुंचल्याने नवी रेघ मारून घेतात, आणि रंग पुरता वाळण्याआधी ती टेप काढतात.