एका बोल्टाची बखर

मोडी कागदांत डोके घालून बसणाऱ्या माणसाला मोटारीतले काय कळते, असे घरच्यांनी मला विचारलेच. फारसे कळत नाही, हे खरे. पण माझ्या एका स्नेह्यांनी एम. जी. कंपनीची 'टी. सी.' (रेल्वेतला नव्हे!) ही जुनी स्पोर्ट्स कार घेतली आणि ती 'कारखान्यातून निघाली तश्शी' करायचा पण केला, तेव्हा त्यांना मिस्त्रीइतकीच गरज पुरावे तपासणाऱ्याची पडली. एखादी सनद अस्सल की बनावट हे पाहण्याचा माझा धंदा. तो या गाडीवर चालवायला मी तयार झालो.

ही गाडी इंग्लंडातल्या ॲबिंग्डन गावची. १९४५ ते १९४९ या काळात तिथे अशा सुमारे दहा हजार गाड्या झाल्या. एम. जी.ला ज्यांनी नावारूपाला आणले त्या सेसिल किंबर यांना १९४१ मध्ये कंपनी सोडावी लागली आणि १९४५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातील रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. टी. सी. त्यांनी पाहिलीच नाही. १२५० सी. सी.चे इंजिन, दोन कार्बुरेटर, तारांची एकोणीस इंची चाके आणि लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पत्रा, असा हा संसार. चासीचे क्रमांक २५१ पासून सुरू होतात. का? तर कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता म्हणून! शकावलीत असला शकारंभ माझ्या पाहण्यात नाही.

आता पुरावा. कंपनीचे छापील माहितीपत्रक म्हणजे बखर: वाचायला गोड, पण गाडी विकण्यासाठी लिहिलेली. अस्सल कागद म्हणजे चासीवर ठोकलेला आकडा, ओतीव भागावरची खूण आणि रंगाचे खालचे थर. आमची गाडी लालभडक होती. क्रमांक मात्र अगदी सुरुवातीचा, आणि सुरुवातीच्या टी. सी. फक्त काळ्या निघत. लाल-हिरव्या मागाहून आल्या. डॅशबोर्डामागे नखाएवढा रंग खरवडला, तर खाली काळा. पुढचा बंपरही उपराच निघाला. बंपर लागत ते अमेरिकेसाठी केलेल्या शेवटच्या गाड्यांना. डॅशबोर्डावरचा एक चिमुकला दिवा मात्र अस्सल होता. तो ताशी वीस मैलांना पेटे आणि तीस ओलांडले की विझे. वस्तीतून तीस मैलांहून जोरात जायचे नाही, हा १९३५ पासूनचा इंग्रजी कायदा ड्रायव्हरला आठवावा म्हणून.

पण खरी गंमत इंजिनात होती. एके दिवशी मिस्त्री बोल्ट हातात घेऊन आले. "मास्तर, पाना इंग्रजी बसतो, पण नट इंग्रजी बसत नाही. हे काय गौडबंगाल?"

गौडबंगाल पहिल्या महायुद्धाचे आहे, वाचकहो. जर्मन फौजा पॅरिसच्या रोखाने आल्या तेव्हा हॉचकिस या फ्रेंच शस्त्रकंपनीने इंग्लंडात कॉव्हेंट्रीला कारखाना काढून तिथे मशीनगन करायला सुरुवात केली. युद्ध संपले, बंदुकांचे गिऱ्हाईक गेले. मग तिने विल्यम मॉरिस यांच्या मोटारींची इंजिने करायला घेतली, आणि १९२३ मध्ये मॉरिस यांनी तो कारखानाच विकत घेतला. यंत्रे फ्रेंच, मिलिमीटरचे आटे पाडणारी. ती मोडीत काढणे परवडणारे नव्हते. तेव्हा तोडगा निघाला: आटे राहू द्यावेत फ्रेंच, बोल्टाचे डोके मात्र इंग्रजी मापाचे करावे, म्हणजे गावोगावच्या मेकॅनिकांचे पाने चालतील. एम. जी. ही मॉरिस यांच्याच गोतावळ्यातली, त्यामुळे हा वारसा टी. सी.च्या इंजिनातही उतरला. बाजारात आज मिळणाऱ्या आठ मिलिमीटरच्या साध्या बोल्टाला आट्यांतले अंतर सव्वा मिलिमीटर असते; याला एकच. नवा बोल्ट दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे जोर लावला की बिडाच्या ब्लॉकमधले आटे गेलेच! मिस्त्री ब्लॉकमध्ये नव्या मापाचे आटे पाडण्याच्या तयारीत होते. तीसेक वर्षांचा युरोपचा इतिहास त्या दुपारी किसाच्या रूपाने जमिनीवर पडायचा, तो वाचला. जुने बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून, घासून पुन्हा वापरले.

मग उजव्या दाराखालची पट्टी उघडली आणि आमच्यात भांडण जुंपले. सांगाड्याचे मूळ लाकूड ॲशचे, विलायती. इथल्या दमट हवेत ते कुजले असावे. कुणा सुताराने तिथे सागवान बसवले होते, सांधा असा की नख जाऊ नये. आतल्या बाजूला पेन्सिलीने देवनागरी आकड्यांत मापे. स्नेही म्हणाले, "काढा. परीक्षक गुण कापतील." मी म्हणालो, ॲबिंग्डनच्या कामगाराने केले ते अस्सल आणि आपल्या सुताराने केले ते क्षेपक, हा कुठला न्याय? गाडीचे बरेचसे आयुष्य या देशात गेले आहे. शिवाय ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंदच झाला. सागवान अजून दार पेलते आहे. आठवडाभर आम्ही बोललो नाही.

शेवटी सागवान राहिले, वरची पट्टी लागली, आणि गाडी काळी झाली. लाल रंग गेला म्हणून वहिनी खट्टू झाल्या. "भावोजी, तुमच्या पुराव्यात माझ्यासाठी काहीच नाही का?" होते. काळ्या टी. सी.ला आतली बैठक लाल कातड्याचीही मिळत असे, आणि आमच्या गाडीचे मूळ कातडे कोणत्या रंगाचे, याचा पुरावा एक चिंधीभरही उरला नव्हता.