आर्मेनियन-फारसी लेखन

फारसी मजकूर आर्मेनियन लिपीत लिहिण्याची पद्धत. आर्मेनियन ख्रिस्ती समाजाच्या धार्मिक हस्तलिखितांत ती आढळते. मेस्रोप मश्तोत्स यांनी इ. स. ४०५ च्या सुमारास घडविलेली ही लिपी आर्मेनियन चर्चच्या उपासनेशी घट्ट जोडलेली आहे. इराणी मुलखातल्या अनेक आर्मेनियनांना व्यवहारातली फारसी बोलता येई. अक्षरओळख मात्र चर्चच्या छायेत, आर्मेनियन लिपीत होई. परभाषेतली प्रार्थनाही मग त्याच अक्षरांत उतरली.

येरेवानच्या मातेनादारान संग्रहातील पंधराव्या शतकातले ७११७ क्रमांकाचे हस्तलिखित हा या लेखनाचा छोटा पण मोलाचा नमुना होय. त्यात निरनिराळ्या लिपींच्या वर्णमाला असून, देवाला तीनदा ‘पवित्र’ म्हणून आळवणारी प्रार्थना ग्रीक, सिरियाक, जॉर्जियन, फारसी, अरबी, कुर्दी आणि तुर्की भाषांत आर्मेनियन अक्षरांनी लिहिली आहे. १९३७ साली जॉर्जियन अभ्यासक इलिया अबुलाद्झे यांना याच पोथीत कॉकेशियन अल्बानियन (कॉकेशसमधील प्राचीन अल्बानियाची) वर्णमाला सापडली. पोथीचा बोलबाला झाला तो तिच्यामुळे. फारसी प्रार्थनेच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडे कौतुक आले.

भाषेच्या अभ्यासकाला या लेखनाचा मोठा उपयोग उच्चारासाठी होतो. अरबी वळणाच्या फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. आर्मेनियन लिपीत स्वरांना स्वतंत्र अक्षरे आहेत. दीर्घ स्वरांतही हा फरक जाणवतो: जुन्या फारसीत सिंह म्हणजे ‘शेर’ आणि दूध म्हणजे ‘शीर’. फारसी लिपीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात, आर्मेनियन लिपीत ते वेगळे लिहिता येतात. उलट ‘ज़’ या एकाच उच्चाराची फारसीतली चार अक्षरे इथे एकात मिसळतात, आणि शब्द मूळचा अरबी आहे की फारसी याची खूण पुसली जाते.

वाचनातली खरी मेख व्यंजनांत आहे. आर्मेनियन लिपीत प, फ, ब यांसारख्या तिहेरी मालिका आहेत, पण त्यांचे उच्चार पूर्व आणि पश्चिम आर्मेनियनमध्ये वेगळे. पूर्वेकडचा ज्या अक्षराला ‘ब’ म्हणतो, तेच पश्चिमेकडचा ‘फ’च्या जवळ उच्चारतो. त्यामुळे लेखनिक कोणत्या भागातला, हे ठरविल्याशिवाय पोथीतल्या फारसीच्या उच्चाराविषयी काही ठामपणे सांगणे धोक्याचे ठरते.

तुर्की व किपचाक या भाषांसाठीही आर्मेनियन लिपी वापरली गेली. किपचाक प्रार्थनापुस्तक १६१८ मध्ये ल्विव्ह येथे छापले गेले, तर एकोणिसाव्या शतकात तुर्कीत कादंबऱ्या व वृत्तपत्रेही या लिपीत निघाली.