काडतूस, कडी आणि धक्का : अर्धस्वयंचलित बंदुकीतील अडथळ्याचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिताना शोधकाचे नाव आणि पेटंटाचे वर्ष यांची नोंद कटाक्षाने केली जाते. यंत्र कोठे अडते व का अडते, याची नोंद मात्र क्वचितच होते. छऱ्यांच्या अर्धस्वयंचलित बंदुकीच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. या बंदुकीच्या विकासातील प्रत्येक महत्त्वाचा टप्पा हा काडतूस पुढे सरकण्यात किंवा बाहेर पडण्यात येणाऱ्या अडथळ्याशी निगडित आहे. आणि हा अडथळा एकट्या यंत्राचा दोष नसून यंत्र, काडतूस व वापरणारा या तिघांमधील मेळ बिघडल्याचे लक्षण होय, असे या इतिहासावरून दिसून येते.

अमेरिकेतील ऑग्डेन येथे इ. स. १८५५ मध्ये जन्मलेल्या जॉन मोझेस ब्राउनिंग याने इ. स. १८९८ च्या सुमारास या बंदुकीची रचना सिद्ध केली, पेटंट इ. स. १९०० मध्ये मिळाले. विंचेस्टर कंपनी पूर्वी त्याचे शोध एकरकमी विकत घेत असे. या वेळी त्याने प्रत्येक नगामागे मोबदला मागितला आणि तेथेच बोलणी फिसकटली. त्यानंतर तो रेमिंग्टनकडे गेला, परंतु इ. स. १९०२ च्या जानेवारीत तो भेटीसाठी थांबला असतानाच त्या कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली यांचे आकस्मिक निधन झाले. अखेर बेल्जममधील हर्स्टाल येथील एफ. एन. कारखान्याने ती बंदूक तयार केली. पुढे ‘ऑटो-५’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. नावात ‘ऑटो’ असले, तरी चाप एकदा ओढल्यावर एकच बार उडतो. रिकामे काडतूस फेकणे व नवे भरणे एवढेच काम ती आपोआप करते. म्हणून ‘अर्धस्वयंचलित’ हीच संज्ञा यथार्थ होय.

हे काम बाराच्या धक्क्याने होते. बार उडताच नळी आणि तिला जखडलेला बोल्ट दोन्ही एकत्र मागे सरकतात. मग नळी एकटी पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर पडते, आणि दस्त्यातील स्प्रिंगच्या जोराने बोल्ट नवे काडतूस कोठीत सारतो. धक्का कमी पडला, तर हे चक्र अर्ध्यावर थांबते. अधिक झाला, तर दस्ता तडकतो. त्या काळी हलक्या व भारी अशा नाना प्रकारच्या भरणीची काडतुसे बाजारात होती. ब्राउनिंगने यावर योजलेला उपाय अत्यंत साधा होता. मॅगझिनच्या नळीभोवती एक कांस्याचा घर्षणखंड व एक उतरत्या कडेची पोलादी कडी त्याने बसविली. भारी काडतुसांसाठी कडी स्प्रिंग व घर्षणखंड यांच्यामध्ये ठेवावयाची, म्हणजे घर्षण वाढते; हलक्या काडतुसांसाठी ती स्प्रिंगच्या मागे ठेवावयाची, म्हणजे घर्षण घटते.

याचा अर्थ असा की, यंत्राचे निदान करण्याचा एक भाग वापरणाऱ्याच्या हाती सोपविला गेला. कडी भारीच्या स्थितीत ठेवून हलकी काडतुसे वापरली, तर रिकामे काडतूस दारातच अडकते. मॅगझिनची नळी अगदी कोरडी राहिली, तरी तोच परिणाम होतो. उलट तिच्यावर तेल फार झाले, तर घर्षण कमी होऊन यंत्र आपटते. दस्त्यातील स्प्रिंगला गंज चढला, तर बोल्ट पुरता मिटत नाही. लक्षणे सारखी, कारणे मात्र भिन्न. म्हणून काडतूस नेमके कोठे थांबले, हे पाहिल्यावाचून निदान होत नाही. काडतुसाची लांबीही महत्त्वाची. सोळा बोअरच्या जुन्या ऑटो-५ बंदुकांची कोठी ६५ मिलिमीटरच्या काडतुसांसाठी होती. पुढे ७० मिलिमीटरची काडतुसे रूढ झाल्यावर तीच निर्दोष बंदूक अडू लागली.

हा मेळ बिघडल्याचे सर्वांत विदारक उदाहरण विंचेस्टरच्या इ. स. १९११ च्या नमुन्यात आढळते. बोल्टला जोडलेल्या मुठीवर ब्राउनिंगचा पेटंटहक्क असल्यामुळे टी. सी. जॉन्सन याने ती मूठ टाळली. बोल्ट मागे नेण्यासाठी नळीच खरबरीत करून ती हाताने मागे ढकलण्याची सोय त्याने ठेवली. त्या काळची काडतुसे कागदी होती. ती ओलाव्याने फुगत व कोठीत घट्ट बसत. अशा वेळी काही जण दस्त्याचे बूड जमिनीवर टेकवून नळी खाली दाबीत. नळीचे तोंड त्यांच्याकडेच असे, आणि अडकलेले काडतूस जिवंत असल्यास ते उडण्याचा धोका होता. या बंदुकीस ‘विधवा करणारी’ हे भीषण नाव पडले ते याच कारणाने. इ. स. १९२५ मध्ये तिचे उत्पादन थांबले. येथे दोष कागदाचा, मुठीचा, पेटंटाचा की हाताचा, हा प्रश्न एका शब्दात सुटणारा नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन बदल घडले. प्लास्टिकच्या काडतुसांनी कागद फुगण्याची अडचण जवळजवळ संपविली. इ. स. १९६३ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ११०० मध्ये नळी स्थिर राहून, तिच्यातील छिद्रातून घेतलेल्या वायूच्या दाबाने यंत्र चालू लागले. कडी फिरविण्याचे काम गेले. परंतु अडथळा गेला नाही, त्याने केवळ जागा बदलली. आता छिद्रात काजळी साचते, किंवा वायू रोखणारी लहानशी रबरी कडी तुटते, आणि चक्र पुन्हा अर्ध्यावर थांबते.

ऑटो-५ चे नियमित उत्पादन इ. स. १९९८ पर्यंत चालले. इतके दीर्घायुष्य तिला लाभले, याचे श्रेय केवळ शोधकाच्या प्रतिभेस देणे अपुरे ठरेल. काडतुसे सारखी नसतात, हे सत्य या रचनेने गृहीत धरले होते आणि ते सांभाळण्याचे साधन वापरणाऱ्यास दिले होते. इ. स. १९११ च्या नमुन्यात काडतूस फुगेल, हे गृहीतच धरले गेले नाही. यंत्राचे मूल्यमापन ते सुरळीत चालताना नव्हे, तर अडल्यानंतर ते माणसाला काय करावयास लावते, यावरून करावे लागते.