हजेरीपुरती उपासना

ओठांची भक्ती आणि अंतःकरणाची भक्ती यांतील भेद बायबलमध्ये यशया संदेष्ट्याच्या काळापासून सांगितला गेला आहे, आणि ख्रिस्ती जगात तो बहुधा प्रवचनकारांचाच विषय राहिला. इंग्लंडमध्ये मात्र १५५९ पासून १८२८ पर्यंत तो दंडाचा, तुरुंगाचा आणि सरकारी पदाचाही विषय होऊन बसला, कारण राष्ट्रीय चर्चमधील उपासनेला उपस्थित राहणे हीच तेथे राजनिष्ठेची खूण ठरली होती.

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत १५५९ साली संमत झालेल्या एकरूपतेच्या कायद्याने, म्हणजे सर्व राज्यात एकाच प्रार्थनापुस्तकानुसार उपासना व्हावी असे फर्मावणाऱ्या कायद्याने, रविवारी व सणाच्या दिवशी गैरहजर राहणाऱ्यास बारा पेन्स दंड लावला. ही रक्कम मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीहून अधिक होती आणि ती चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचे लौकिक कारभारी, गरिबांसाठी वसूल करीत. माणसांच्या मनात डोकावण्याची राणीला हौस नव्हती, अशा आशयाचे फ्रान्सिस बेकन यांनी पुढे लिहिले, आणि कायद्याचा रोखही तसाच होता. त्याला देह बाकावर बसलेला हवा होता, मनाचे काय ते मन जाणे. या धोरणाला निव्वळ दांभिक म्हणून मोडीत काढता येत नाही, कारण बापाने नाइलाजाने ऐकलेली प्रार्थना मुलाच्या कानावर जन्मापासून पडत गेली आणि एक-दोन पिढ्यांत बहुसंख्य इंग्रज खरोखरच प्रॉटेस्टंट झाले. बाह्य आचार अंतःकरणावर काहीच परिणाम करीत नाही, हे प्रवचनकारांचे आवडते मत इतिहासाच्या कसोटीला फारसे उतरत नाही.

खरी कोंडी झाली ती कॅथलिकांची. पोप पाचवे पायस यांनी १५७० मध्ये राणीला धर्मबहिष्कृत केल्यानंतर कॅथलिक असणे हे राजद्रोहाच्या सीमेवर येऊन ठेपले, आणि १५८१ च्या कायद्याने गैरहजेरीचा दंड महिन्याला वीस पौंडांवर नेला, जो जमीनदारांपैकीही थोड्यांनाच झेपण्याजोगा होता. हजेरी नाकारणारे ‘रिक्यूझंट’ म्हणून ओळखले जात. पण त्यांच्याहून कितीतरी अधिक लोक ‘चर्च-पेपिस्ट’ या हेटाळणीच्या नावाने ओळखले जाणारे, म्हणजे मनाने पोपचे आणि देहाने राणीच्या चर्चचे, असे होते. त्यांच्यापैकी कोणी प्रवचन चालू असता आपले जुने प्रार्थनापुस्तक वाचीत बसे, कोणी कानांत लोकर कोंबून घेई, तर पुष्कळजण उपासनेला येत पण प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, तेवढा टाळीत. अनेक घरांत नवरा चर्चला जाई आणि बायको घरी राहून गुप्तपणे येणाऱ्या धर्मगुरूची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, ऐके. विवाहितेच्या नावे मालमत्ता नसल्याने तिच्याकडून दंड उकळणे अवघड होते, आणि घराण्याचा धर्म पुष्कळदा त्यामुळेच टिकला. जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या येशू संघाचे सदस्य, रॉबर्ट पर्सन्स यांनी १५८० मध्ये टोपणनावाने गुप्तपणे छापलेल्या पुस्तिकेत अशी हजेरी म्हणजे श्रद्धेचा त्यागच होय असे बजावले. पाखंडाच्या उपासनेत देहानेही सामील होऊ नये, हा त्यांचा आग्रह आणि राष्ट्रीय चर्चशी संबंध तोडणाऱ्या कडव्या प्रॉटेस्टंटांचा आग्रह एकाच जातीचा होता. त्या प्रॉटेस्टंटांपैकी हेन्री बॅरो आणि जॉन ग्रीनवुड यांना १५९३ मध्ये फाशी झाली.

मराठी वाचकाला परिचित असलेले थॉमस स्टीफन्स याच इंग्लंडचे कॅथलिक होत. देश सोडून ते रोममध्ये जेझुइट झाले आणि १५७९ मध्ये गोव्याला पोहोचले. तेथे १५६० पासून इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय बसलेले होते, आणि नवख्रिस्ती मनुष्य चर्चमध्ये दिसतो एवढ्याने त्याचे समाधान होत नसे. घरात जुना कोणता आचार उरला आहे याचीही झडती होई. आपली पूर्वीची पुराणे गेली, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण द्यावे, या नवख्रिस्तींच्या मागणीचा उल्लेख स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराणा’त येतो, आणि सक्तीने जे साधले नव्हते ते ओवीने साधू पाहिले असे म्हणणे गैर ठरणार नाही.

इकडे इंग्लंडमध्ये १६७३ च्या टेस्ट अॅक्टने आणखी एक पाऊल टाकले आणि सरकारी पद धारण करणाऱ्याने राष्ट्रीय चर्चच्या रीतीने प्रभुभोजन घेतल्याचा दाखला सादर करावा असे ठरवले. जो विधी अयोग्य रीतीने घेणाऱ्यास दंड होतो असा इशारा पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात आहे, तोच आता नेमणुकीच्या कागदपत्रांत जमा झाला. राष्ट्रीय चर्चबाहेर राहिलेले प्रॉटेस्टंट, म्हणजे डिसेंटर, वर्षातून एकदा तेथे प्रभुभोजन घेऊन पदावर बसू लागले. रिचर्ड बॅक्स्टर यांच्यासारख्यांना अशी अधूनमधूनची सहभागिता ख्रिस्ती बंधुभावाची वाटे, परंतु सगळेच बॅक्स्टर नव्हते. लंडनचे लॉर्ड मेयर सर हम्फ्री एडविन १६९७ मध्ये पदाची चिन्हे मिरवीत डिसेंटरांच्या सभेला गेले तेव्हा गदारोळ उठला. विशेष म्हणजे त्यावर सर्वांत बोचरी टीका केली ती स्वतः डिसेंटर असलेल्या डॅनियल डिफो यांनी. एकाच माणसाने सद्सद्विवेक म्हणून एक चर्च सोडावे आणि पदासाठी त्याच चर्चच्या वेदीपाशी गुडघे टेकावेत, हा त्यांच्या दृष्टीने देवाशी केलेला खेळ होता, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे आजही सोपे नाही.

अशा हजेरीला आळा घालणारा १७११ चा कायदा १७१९ मध्ये रद्द झाला, आणि १७२७ पासून संसद जवळजवळ दरवर्षी सवलतीचा कायदा करून दाखला न देणाऱ्यांना मुदत वाढवून देऊ लागली. म्हणजे ज्या विधीची सक्ती होती त्यातून सूट देणे हाच नित्याचा रिवाज झाला. अखेर १८२८ मध्ये प्रभुभोजनाची अट काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी एक लेखी प्रतिज्ञा आली. ती ख्रिस्ती श्रद्धेला स्मरून करावयाची असल्याने ज्यू नागरिकांना नगरपालिकेतील पदांसाठी १८४५ पर्यंत थांबावे लागले.