युनिक्सची सहावी की सातवी आवृत्ती? : एका निवडीचा इतिहास

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनी निर्माण केलेल्या युनिक्स या संगणक-कार्यप्रणालीची सहावी आवृत्ती १९७५ मध्ये व सातवी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या विद्यापीठांपाशी पीडीपी-११ जातीचा संगणक होता, त्यांच्यापुढे यांपैकी कोणती बसवावी, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. नवी आवृत्ती निघाली की जुनी निरुपयोगी ठरते, असा सामान्य समज आहे. प्रस्तुत प्रकरणी तो कितपत टिकतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

साधन म्हणून सातवीचे श्रेष्ठत्व निर्विवाद होते. स्टीफन बॉर्न यांचे शेल, तसेच ऑक, मेक व यूयूसीपी या आज्ञावली तिच्यात होत्या. सहावीतील फाइलला १६ मेगाबाइटांची मर्यादा होती; सातवीने ती सुमारे एक अब्ज बाइटांपर्यंत नेली. तथापि तिचे मूळ वितरण ११/४५ व ११/७० या मोठ्या यंत्रांसाठी होते. आज्ञा व विदा यांना त्यांत स्वतंत्र जागा मिळे. लहान ११/४० यंत्रावर दोहोंना मिळून ६४ किलोबाइटच उपलब्ध असत; तेथे सहावी चाले. शिवाय चकतीवरील फाइलींची रचनाच पालटल्यामुळे जुना संग्रह नव्या रूपात उतरवून घ्यावा लागे.

परंतु निवडीचे खरे मर्म यंत्रात नव्हते, परवान्यात होते. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी सहावीच्या गाभ्याच्या सुमारे नऊ हजार ओळींवर १९७७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी भाष्य रचले. एक अखंड कार्यप्रणाली एका सत्रात वाचून समजून घेता येते, हे त्यामुळे सिद्ध झाले. सातवीच्या परवान्याने मात्र मूळ आज्ञावली वर्गात शिकविण्यास मनाई केली. लायन्स यांचे भाष्य पुढे छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिले. त्याचे रीतसर प्रकाशन १९९६ मध्ये झाले.

म्हणजे ज्या विभागाला काम करावयाचे होते, त्याने सातवी घेणे योग्य. ज्याला शिकवावयाचे होते, त्याला सहावीच सोयीची. ही फारकत सर्वांनाच मान्य झाली नाही. अ‍ॅम्स्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी अध्यापनासाठी मिनिक्स ही स्वतंत्र प्रणाली लिहून १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला तो मिनिक्स चालणाऱ्या यंत्रावरच.

तात्पर्य, आवृत्तीची योग्यता केवळ तिच्या नवेपणावरून ठरत नाही. ती वाचण्याचा व शिकविण्याचा अधिकार कोणाला आहे, हेही पाहावे लागते.