दूरदर्शकीय छायाचित्रण, महाराष्ट्रातील

दूरदर्शकाला कॅमेरा जोडून दूरच्या वस्तूंची छायाचित्रे घेण्याची पद्धती. दूरदर्शक वस्तूबरोबर यंत्राची थरथर व हवेची चलबिचलही वाढवून दाखवितो. त्यामुळे प्रतिमा रेखीव कशी मिळवावी, हाच या पद्धतीच्या इतिहासातील मुख्य प्रश्न ठरला.

महाराष्ट्रात त्याची मोठी कसोटी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लागली. चंद्राची छाया कोकण किनाऱ्यावरून ईशान्येकडे सरकत, बालाघाटावरील मांजरसुंबा परिसर ओलांडून विदर्भात गेली. निरीक्षकांचे तळ मात्र अवजड पेट्या उतरविता येतील अशा ठिकाणीच पडले : विजयदुर्ग बंदर आणि जेऊर, तळणी व पुलगाव ही रेल्वेस्थानके. निजामाच्या राज्यातील बीडला तेव्हा लोहमार्ग नव्हता. त्या शहरास तो २०२५ मध्ये मिळाला. विजयदुर्ग येथे नॉर्मन लॉक्यर यांनी वेध घेतले. तेथेच १८६८ मध्ये हीलियमाचा शोध लागला, ही प्रचलित समजूत बरोबर नाही; त्या वर्षीचे लॉक्यर यांचे वेध इंग्लंडमधील होते.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांनी जेऊर येथे तळ ठोकून सूर्याच्या वर्णमंडलाच्या व किरीटाच्या वर्णपटांची छायाचित्रे घेतली. त्यांचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. ही वेधशाळा १९१२ मध्ये बंद होऊन तिची साधने कोडईकानलला गेली. पुण्याच्या दृष्टीने ही हानी मोठीच होती.

जेऊरलाच कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्बेल आले होते. त्यांच्या कॅमेऱ्याचे केंद्रांतर ४० फूट (सु. १२·२ मी.) होते व त्यात सूर्याची प्रतिमा सु. ११·५ सेंमी. व्यासाची पडे. एवढी लांब नळी आकाशाच्या गतीने फिरविली, तर ती वाकणार व वाऱ्याने हलणार. म्हणून भिंग व नळी दोन्ही स्थिर ठेवून नळीच्या तळाशी केवळ छायाचित्रण-काच घड्याळयंत्रणेने सरकविण्याची युक्ती योजिली होती. प्रतिमा सेकंदाला सु. ०·८ मिमी. सरकत असल्याने काचही नेमक्या त्याच वेगाने सरकणे आवश्यक होते; एरवी दहा सेकंदांच्या उद्‌भासनात प्रतिमा आठ मिमी. फाकटली असती. १८९३ मध्ये चिलीत हाच कॅमेरा डोंगरउताराच्या आधाराने उभारता आला होता. जेऊरच्या सपाटीवर भिंगासाठी मनोरा बांधावा लागला, आणि वाऱ्याचा धक्का भिंगास पोहोचू नये म्हणून कापडी नळीचा भार त्यापासून अलग ठेवण्यात आला. खग्रास स्थिती सु. दोन मिनिटे टिकली. तेवढ्यात मिळालेल्या छायाचित्रांत किरीटाचे बारीक तंतूही उमटले.

पुढे कॅमेरे लहान झाले, तरी अडचणी त्याच राहिल्या. पक्षिनिरीक्षणाच्या स्पॉटिंग स्कोपला अंकीय कॅमेरा जोडण्याची पद्धती १९९९ च्या सुमारास मलेशियातील लॉरेन्स पो यांच्यामुळे रूढ झाली. तिला डिजिस्कोपिंग म्हणतात. मांजरसुंब्याजवळच्या नायगाव मयूर अभयारण्यासारख्या (स्थापना १९९४) उघड्या माळरानावर या पद्धतीने छायाचित्रे घेताना जड तिपाई वापरतात आणि बटण दाबण्याचा धक्का टाळण्यासाठी स्वयंचलित विलंबाचा उपयोग करतात. वर्धन मात्र बेताचेच ठेवावे लागते. ते दुप्पट केल्यास प्रतिमेचा उजेड चौथाईवर येतो व उद्‌भासन लांबते. तेवढ्यात मोर मान वळवितो. ऊन चढल्यावर मुरमाड जमिनीवरील तापलेली हवा लहरू लागते. तिच्यामुळे आलेला पुसटपणा उत्तम भिंगानेही जात नाही; म्हणून सूर्योदयानंतरचा पहिला तास-दीड तास या कामास सोयीचा असतो.